काळ्या रानात कॉफी लावावी काय?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, रविवारची मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर येऊन बसलो होतो. लोक पांगले होते. इतक्यात आपल्या धर्मग्रामातील एक तरुण शेतकरी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतले वीतभर रोप घेऊन आला, ते आमच्या पुढ्यात ठेवले व म्हणाला, "फादर, हे कॉफीचं आहे. आपल्याकडं येईल का?"

पाने हिरवीगार, तुकतुकीत, कडेला किंचित मुरडलेली. रोप कॉफीचेच होते, यात शंका नव्हती. मग सारी हकीकत कळली. एक गाडी भीमेच्या काठाने गावोगाव फिरत होती. गाडीतला माणूस सांगे की, कॉफीला आज सोन्याचा भाव आहे, आता सपाटीवर येणारी जात निघाली आहे, रोपे आम्ही देऊ, माल आम्हीच उचलू, तुम्ही फक्त एकरी आगाऊ रक्कम भरा. आपल्यातील तीन घरांनी रक्कम भरली होती. हा चौथा. भरण्यापूर्वी विचारायला आला, एवढे त्याचे शहाणपण.

कॉफीला भाव चढला होता, हे खोटे नव्हते. ब्राझीलमध्ये पाऊस हुकला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. वर्तमानपत्रांतून ते छापूनही आले. त्या एका खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून बाकीच्या खोट्या गोष्टी आपल्या गावात आल्या.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो: लावू नये. का लावू नये, आणि तरीही कॉफीवाल्या लहान शेतकऱ्याकडून आपल्या तूरवाल्याने काय उचलावे, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

कॉफीच्या व्यापारी जाती मुख्यतः दोन, अरेबिका व रोबस्टा. अरेबिकाला समुद्रसपाटीपासून १००० ते १५०० मीटर उंची मानवते, रोबस्टाला ५०० ते १०००. अरेबिकाला हवा १५ ते २५ अंशांची लागते, रोबस्टाला २० ते ३० अंशांची. पाऊस अरेबिकाला १६०० ते २५०० मिलिमीटर, रोबस्टाला निदान हजार. आता आपला हिशेब मांडा. कलबुर्गीकडचे रान साडेचारशे मीटरच्या आसपास, बिदरचे पठार त्याहून उंच, तरी सातशेच्या आतबाहेर. पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर आणि तोही लहरी. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. विहिरीचे पाणी देऊ म्हणाल, तर पाणी देता येईल. पण हवेतला गारवा व ओल कोठून आणणार?

जमिनीची गोष्ट त्याहून कठीण. कॉफीला खोल, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, पालापाचोळा कुजून तयार झालेली, किंचित आंबट मातीच लागते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते व श्रावणात चिखल धरून बसते. तीत चुना भरपूर. अशा चुनखडीच्या मातीत झाडाला लोह घेता येत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. आपल्या मोसंबीवाल्यांनी हे पाहिले आहे.

आणि "सपाटीवर येणारी जात" म्हणाल, तर कॉफीच्या जाती काढण्याचे काम चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे १९२५ सालापासून चालले आहे. तेथल्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने एस-७९५ दिली, सिलेक्शन-९ दिली, २००७ मध्ये चंद्रगिरी दिली. कोणती तांब्याला दाद देत नाही, कोणती बुटकी राहते, कोणतीचा स्वाद उत्तम. पण साऱ्या डोंगरासाठीच. कलबुर्गीच्या काळ्या रानासाठी त्यांतली एकही नाही.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात तर कॉफी होते! होते. मेळघाटात चिखलदऱ्याला होते. तेथे मरियमपूरला आपल्या लोकांचे जुने मिशन आहे, त्या भागात कॉफीची झाडे आहेत. पण चिखलदरा आहे ११०० मीटर उंच, धुक्यात बुडालेला. घाट उतरून परतवाड्याला या. आपल्यासारखेच काळे रान लागते. तेथला शेतकरी संत्री लावतो, कापूस लावतो, तूर लावतो. डोक्यावरच्या डोंगरात कॉफी डोळ्यांना दिसत असूनही खाली कोणी ती लावीत नाही. त्या लोकांना कळत नाही असे थोडेच आहे?

आता डोंगरातल्या गोष्टीकडे वळतो. आम्ही जन्माने कॉफीवाले नव्हे. परंतु सेमिनरीत असताना आमचा एक सोबती चिकमगळूरकडचा होता. नाताळच्या सुट्टीत तो आम्हांला घरी घेऊन जाई व सुट्टी नेमकी तोडणीच्या दिवसांत येई. त्यामुळे ईशज्ञानाची पुस्तके बाजूला ठेवून आम्ही कमरेला टोपली बांधून कॉफी तोडली आहे. त्यांचे रान तीन एकर. आज ते त्याचे थोरले भाऊ पाहतात. परवाच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा आठवडाभर जाऊन आलो.

कॉफी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साहेबाचा बंगला व हजार एकरांचा मळा येतो. मळे आहेत. पण देशातील कॉफीच्या शंभर खातेदारांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक दहा हेक्टरांच्या आतले आहेत, आणि देशाच्या एकूण कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के आपल्या कर्नाटकातच पिकते. म्हणजे हे पीक बहुतांशी लहान माणसाचेच आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे फकीर मक्केहून परतताना अरबस्तानातून सात बिया लपवून घेऊन आले व त्यांनी त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा तिकडे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. पुढे इंग्रजांनी मळे केले. पण ओंजळभर बियांपासून सुरुवात झाली, हे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात.

त्या तीन एकरांत शिरल्यावर प्रथम शेत दिसतच नाही, रान दिसते. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा; त्यांच्या खोडांवर मिऱ्याचे वेल; आणि खाली सावलीत माणसाच्या उंचीची कॉफी. ही सावली शोभेची नव्हे. अरेबिकाचे खोड पोखरणारी एक अळी आहे. उन्हात उघड्यावर पडलेल्या झाडावर ती तुटून पडते. सावली विरळ केली की दोन वर्षे पीक वाढल्यासारखे वाटते व तिसऱ्या वर्षी झाडे वाळू लागतात. भाऊ म्हणाले, "लोभ करून फांद्या छाटल्या, तेव्हा दीडशे झाडं उपटून जाळावी लागली, फादर."

मार्च-एप्रिलमध्ये एक पाऊस यावा लागतो. त्याला तिकडे फुलांचा पाऊस म्हणतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सारे रान जाईजुईसारखे पांढरे होते, घमघमते, व तीन-चार दिवसांत सारे संपते. तो पाऊस चुकला तर पुढल्या वर्षाचे पोट चुकले. फुलापासून फळ पिकायला अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी तोडणी.

येथेच खरी गंमत आहे. एकाच फांदीवर एकाच दिवशी लाल फळ असते, पिवळे असते, हिरवे असते. सगळी फांदी ओरबाडली की काम तासाभराचे. पण हिरव्या फळाची कॉफी तुरट, कच्च्या गवतासारखी लागते. लाल तेवढे वेचायचे म्हणजे एकाच झाडाकडे चार-पाच वेळा परत यायचे. आमच्या टोपलीत पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा हिरवी फळे निघाली. वहिनींनी काही न बोलता ती टोपली अंगणात उपडी केली व आमच्या समोर बसून एकेक फळ निवडले. दुसऱ्या दिवशी आम्ही हळू तोडली.

संध्याकाळी फळे पाण्याच्या टाकीत ओततात. जड फळ बुडते; किडके, पोकळ फळ तरंगते. तरंगलेली वेगळी काढायची, ती घरच्या कॉफीला. बुडालेल्यांची साल यंत्रात काढून चिकट बिया हौदात रात्रभर, कधी दीड दिवस आंबवतात. किती वेळ, हे घड्याळ सांगत नाही, थंडी सांगते. भाऊ पहाटे चारला उठून कंदील घेऊन जात, मूठभर बिया चोळून पाहत. बी निसटते आहे तोवर थांबायचे, खरखरीत लागली की तत्काळ धुवायची. अर्धा दिवस उशीर झाला तर सडका वास धरतो, आणि तो वास पुढे कशानेच जात नाही. मग जाळीच्या माचणावर पातळ थर देऊन आठ-दहा दिवस वाळवण. दर तासाला हात फिरवायचा, दुपारच्या कडक उन्हात झाकायचे, रात्री दवापासून झाकायचे. दहा-अकरा टक्के ओल उरली की थांबायचे. सहा किलो लाल फळ तोडावे तेव्हा किलोभर बी हाती येते.

आणि मग पोते. स्वच्छ, कोरे, कशाचाही वास नसलेले. कॉफीची बी शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेते. खताच्या रिकाम्या पोत्यात भरली, औषधाच्या डब्याशेजारी ठेवली, की वर्षाची मेहनत एका रात्रीत बाजारभावाला येते. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी: कोणत्या वाफ्यातली, कोणत्या तारखेची, किती तास आंबवलेली.

एवढे कशासाठी? तर या मालाला जगात स्पेशालिटी कॉफी म्हणतात व तिचा बाजार निराळा आहे. पारखी माणसे साडेतीनशे ग्रॅम कच्च्या बिया टेबलावर पसरून खोट मोजतात: काळी बी, आंबलेली बी, किडकी, फुटकी. मग हलकी भाजून, दळून, कपात गरम पाणी ओततात व चमच्याने भुरका मारून तोंडात घोळवतात. वास, चव, आंबटपणा, जिभेवरचा भार, नंतर रेंगाळणारी चव, स्वच्छपणा, अशा एकेका गोष्टीला गुण देतात. शंभरात ऐंशी वा त्यावर गुण पडले तर माल स्पेशालिटी. सोबत्याच्या भावांच्या एका वर्षीच्या मालाला चौऱ्याऐंशी पडले. तो कागद त्यांनी पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लावला आहे. अमेरिकेत या व्यापाऱ्यांची संघटना १९८२ साली निघाली, म्हणजे हा प्रकार फार जुना नाही.

पण हे आपल्या लहान शेतकऱ्याला पूर्वी करताच येत नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९४२ च्या कायद्याने शेतकऱ्याने आपली सारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावी, असा नियम होता. बोर्ड ती विकी व पैसे हप्त्याहप्त्याने देई. त्यात आधार होता; भाव कोसळला तरी कोणी एकटा बुडत नसे. परंतु तुमची कॉफी एकदा त्या साठ्यात पडली की तुमचे नाव पुसले. निवडून तोडणाऱ्याचा माल आणि ओरबाडणाऱ्याचा माल प्रतवारीच्या एकाच ढिगात. १९९५ मध्ये लहान शेतकऱ्याला व १९९६ मध्ये सर्वांना आपला माल आपण विकण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाली आणि चार-पाच वर्षांत जगाचा भाव असा कोसळला की २००१-०२ च्या सुमारास मजुरी निघेना. सोबत्याचे वडील कॉफी उपटून आले लावण्याच्या गोष्टी करू लागले होते. आम्ही त्या वर्षी त्यांच्या घरी होतो. जेवताना कोणी फारसे बोलत नसे. झाडे उपटली नाहीत, कारण मिऱ्यांनी घर चालवले.

म्हणून, स्पेशालिटीचे नाव ऐकून तिकडे सगळे आबादीआबाद आहे असे कोणी समजू नये. ज्या वर्षी जानेवारीत अवेळी पाऊस आला, त्या वर्षी माचणावरची कॉफी काळी पडली, झाडावरची फुटून गळली, आणि साध्या भावातच गेली. लाल फळ वेचायला माणसे लागतात व माणसे मिळत नाहीत. २०१८ च्या ऑगस्टात कोडगूमध्ये डोंगरच्या डोंगर खाली आले, त्यांत कित्येकांच्या बागा गेल्या. भावांनी आम्हांला हिशेबाची वही दाखवली. दहा पोत्यांपैकी तीन निवडक भावाने जातात, सात बाजाराने. "त्या तिनांतला जास्तीचा पैसा म्हणजे मुलीचं कॉलेज," ते म्हणाले.

हेच काम पूर्व घाटात आंध्रच्या अरकू खोऱ्यातील आदिवासींनी एकत्र येऊन केले आहे. तेथे एकेकाची कॉफी एक-दोन एकर. एकट्याने साल काढण्याचे यंत्र, हौद, माचण, पारख हे सारे कोठून उभारणार? तेव्हा त्यांनी सहकारी संस्था केली. फळ पिकलेले असेल तरच केंद्रावर घ्यायचे, हिरवे परत पाठवायचे, आणि पुढचे सारे संस्कार एका ठिकाणी करायचे, अशी शिस्त लावली. २०१७ साली त्या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये निघाले. २०१९ मध्ये अरकू, चिकमगळूर, बाबा बुदनगिरी व कोडगू येथील अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले.

त्याच २०१९ साली आणखी एका मालाला ते मानांकन मिळाले, ते आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? गुलबर्ग्याच्या तूरडाळीला! कॉफीवाल्याच्या मागे डोंगर आहे, धुके आहे. आपल्यामागे ही चुनखडीची काळी जमीन आहे, जी कॉफीला मारते आणि तुरीला अशी चव देते की पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके नावाने डाळ मागतात. पण आपण तूर कशी काढतो? सगळा तुकडा एकदम कापतो, अर्ध्या ओल्या शेंगा तशाच मळणीला घालतो, माती-काडीसकट युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरतो, आणि अडत्याने मूठ घालून भाव पाडला की त्याला शिव्या देतो. सरकारी खरेदीला बारा टक्क्यांपर्यंतच ओल चालते; त्या काट्यावरून परत आलेली पोती आम्ही आपल्याच माणसांच्या बैलगाडीत पाहिली आहेत.

अरकूच्या लोकांचे पाहून आम्ही मागील हंगामात पाच घरांना एकत्र बसवले. सांगितले एवढेच: शेंगा तीन-चतुर्थांशाहून अधिक तपकिरी झाल्याशिवाय कापायची नाही, पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या, चाळण मारून बारीक व किडका दाणा वेगळा, नवे तागाचे पोते, पोत्यावर नाव व तारीख. भुंग्यासाठी दाणा कडक वाळवून गार झाल्यावरच भरायचा, कारण गरम दाणा भरला की पोत्यात घाम सुटतो. त्यातील थोडी तूर तालुक्याच्या गिरणीत वेगळी भरडून घेतली व एक-एक किलोच्या पुड्या केल्या.

सारे काही साधले नाही. दोन घरांनी घाई करून कापले, त्यांची डाळ कुचकी लागली व ती पुड्यांतून काढावी लागली. त्यावरून रुसवाफुगवी झाली, ती अजून पुरती मिटलेली नाही. उरलेल्या पुड्या दत्तजयंतीच्या दिवसांत गाणगापूरच्या वाटेवर विकायला ठेवल्या. सोलापूर, सांगली, पुण्याकडून आलेल्या यात्रेकरूंनी पुडी हातात घेऊन विचारले, "कोणत्या रानातली?" आपल्या बायकांनी रानाचे नाव सांगितले. पुड्या चार दिवसांत संपल्या. अडत्याच्या भावाहून बरा पैसा आला. बाकीची पोती नेहमीच्याच भावाने गेली. दहांत तीन, कॉफीवाल्यासारखेच.

हे आमच्या पानाचे अर्धे काम झाले. पान शेतीचे तसेच आरोग्याचेही आहे, आणि कॉफीविषयी आम्हांला घरोघरी प्रश्न येतात, म्हणून तेही उरकतो.

युरोपात कॉफी नवीन आली तेव्हा काही लोकांनी तिला सैतानाचे पेय म्हणून पोप आठवे क्लेमेंट यांच्याकडे तक्रार नेली. त्यांनी एक पेला चाखला व एवढे चांगले पेय सैतानाकडे कशाला राहू द्यायचे म्हणून तिला आशीर्वाद दिला, अशी दंतकथा आहे. आमच्या कॉफीवाल्या सोबत्याची ती आवडती. डॉक्टरांचे म्हणणेही आज बरेचसे त्याच बाजूचे आहे. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा बाधत नाही. कडक कॉफीच्या एका कपात ते ऐंशी-शंभर असते, चहाच्या कपात त्याच्या निम्म्याच्या आसपास. गरोदर बाईने मात्र २०० च्या आत राहावे, म्हणजे चहा-कॉफी मिळून दोन कपांवर जाऊ नये. ज्याला झोप येत नाही, छाती धडधडते, त्याने दुपारनंतर घेऊच नये.

आपल्या बायकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. जेवणाबरोबर वा जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली तर भाकरी-भाजीतले लोह अंगाला नीट लागत नाही. आपल्याकडे दवाखान्यात तपासायला गेलेल्या दोन बायकांमागे एकीच्या अंगात रक्त कमी निघते. लोहाच्या गोळ्याही काही जणी चहाच्या घोटाबरोबर गिळतात! जेवण व गोळी यांच्यापासून निदान तासभर लांब घ्या. गोळीबरोबर लिंबाचे पाणी घ्या. आणि पहाटे रानात जाताना नुसत्या कपावर जाऊ नये. कॉफीने भूक मरते, अंगात बळ येत नाही.

फार कढत पिऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ साली सांगितले की, कॉफीने कर्करोग होतो असा पुरावा नाही. पण ६५ अंशांहून कढत कोणतेही पेय नेहमी प्यायल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणजे दोष कॉफीचा नाही, घाईचा. भुकटी पाण्यात उकळून न गाळता प्यायल्यास रक्तातील चरबी वाढते, गाळूनच घ्यावी. पुडा विकत घेताना पाठीमागची बारीक अक्षरे वाचावीत. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याच्या जवळ, ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालायला कायद्याने मुभा आहे. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ. ते विष नव्हे, पण कॉफीचे पैसे मोजून मूळ कशाला घ्यायचे?

त्या रोपाचे काय झाले, असे आम्हांला मुले विचारतात. ते आम्ही ठेवून घेतले. कडुलिंबाच्या सावलीत कुंडीत आहे, पालापाचोळ्याचे खत घातले आहे, रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी मिळते. जगले आहे. वैशाखात मात्र ओले गोणपाट गुंडाळूनही पानांच्या कडा करपल्या. एका रोपाला एवढे लाड. सहा-सहा फुटांवर लावली तर एकरात बाराशे रोपे बसतात. ज्या तीन घरांनी पैसे भरले, त्यांतील एकानेच तेव्हा लगोलग चाळीस रोपे लावली होती. होळीपर्यंत त्यांतील एकही उरले नाही. गाडी पुन्हा आली नाही, आणि दिलेल्या फोनवर कोणी उचलत नाही.

या तीन घरांपैकी दोघांजवळ पावत्या आहेत. तिसऱ्याने शोधावी, गाडीवाल्याने दिलेला छापील कागद असेल तर तोही चालेल. आसपासच्या गावांत आणखी कोणी फसले असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला निरोप द्यावा. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सर्वांनी कागद घेऊन ओसरीवर यावे. अर्ज आम्ही कन्नडमध्ये लिहून ठेवू. सोमवारी सकाळी नऊच्या बसने आधी रयत संपर्क केंद्रात व तेथून पोलीस ठाण्यात जायचे आहे. भाकरी बांधून आणावी, दिवस जाईल.